एकोणीस अक्षरं

मांजर आडवं गेलं की परभणीत अजूनही
स्कूटर थांबते,
शाळेला निघालेल्या बाई दोन पावलं मागं सरतात.
मीही थांबते.
मला त्याच्या हिरड्या बघायच्या असतात.

रात्री दर्गा रोडच्या पत्र्यांवर बोके भांडतात.
माय म्हणते, झोप की गं, मांजरंच ती.
मी मोजत पडते: एक किंचाळी, एक चावा,
याच्या दातातून त्याच्या रक्तात
गेला असेल किंवा नसेल.
माणसाला लागत नाही तो.
हे घरमालकाला तीनदा सांगितलं,
तरी नळावर माझी कळशी वेगळी राहते.

"मांजराला एड्स?" मावशी पदर तोंडाशी धरून हसली.
"आन् त्याच्यापायी तू रोज कॉलेजात जातीस?
कामून गं? माणसं सरली का?"

डॉक्टर तय्यबा काझींनी फळ्यावर लिहिली
एकोणीस अक्षरं.
विषाणूच्या अंगरख्याचा एवढाच काठ.
मण्यांवर एकेक अमिनो आम्ल ओवायचं,
तेही उलटं, शेवटच्या अक्षरापासून.
हैदराबादहून रात्रीच्या बसनं तो येतो,
थर्माकोलच्या डब्यात, बर्फात;
कुपीच्या तळाशी चिमूटभर पांढरं.
रुक्माजी खिल्लारे कुपी उजेडात धरतो:
"मॅडम, यात हाय का काही?"

आहे, रुक्माजी.
चोराच्या नुसत्या कानाचं चित्र आहे.
ते पाहून रक्तानं चोर ओळखायचा.

आमच्याकडं बारा जणी.
सहाजणींना लस, सहाजणींना मिठाचं पाणी.
नाव द्यायचं नाही, असा नियम;
नियम भिंतीवर, लॅमिनेशन करून.
मिठाच्या पाण्यातली सात नंबर
रुक्माजीच्या चपलेवर झोपते
आणि शेवंता म्हटलं की कान हलवते.

मे महिन्यात वीज गेली ती गेलीच.
उणे ऐंशीचा फ्रीझर उणे पन्नासवर आला तेव्हा
रुक्माजीनं रसवंतीवाल्याच्या इंजिनातलं डिझेल
कॅनमध्ये मागून आणलं,
वर दोन ग्लास रस, बिनबर्फाचा.

आठव्या आठवड्यात ताटलीतल्या खाचा पिवळ्या झाल्या.
सहाच्या सहा,
नवरीला हळद लागावी तशा.
"बनी तो बनी, नहीं तो परभणी," डॉक्टर म्हणाल्या,
आणि आम्ही भजी मागवली.
शहाण्णव खाचांचा तो फोटो
मी मावशीलाही पाठवला.
तिनं उत्तरात फूल पाठवलं.

मग खरा विषाणू दिला. बाराजणींना.
मीच टोचला. हात कापला नाही,
हे मला नंतर आवडलं नाही.

महिन्याभरानं सगळ्यांच्या रक्तात तो होता.
लस घेतलेल्या दोघींत तर
मिठाच्या पाण्यातल्यांच्या आधी.

प्रतिपिंडं होती. भरपूर होती.
कुपीतल्या काठाला ती बिनचूक धरत होती.
पण विषाणूच्या अंगावर तो काठ
दुमडलेला, आत खोचलेला.
चित्र बरोबर होतं, रुक्माजी,
कान मुंडाशात होता.

डॉक्टरांनी निकाल होता तसा लिहिला.
"आधी" हा शब्द मी गाळून पाहिला होता;
त्यांनी तो पुन्हा घातला, निळ्या शाईनं.
मग असरची नमाज पढून आल्या,
बाह्या अजून ओल्या,
म्हणाल्या: वळवून बघू.
दोन्ही टोकं एकमेकांत अडकवून, कडी करून.
अक्षरं तीच.

पुढची कुपी दिवाळीनंतर येईल.
शेवंताच्या हिरडीला बारीक लाल रेघ आहे.
अशी वर्षानुवर्षं जगतात, हे मला माहीत आहे,
रुक्माजीला मी ते रोज सांगते,
तो रोज नव्यानं विचारतो.

काल रात्री पुन्हा पत्रा वाजला.
भांडू दे, माय झोपेतच म्हणाली.
मी उठले,
दूध बाहेर ठेवलं,
दोन वाट्यांत,
लांब लांब.